गोशे, ईआरटीचे (एंझाइम बदली उपचारांचे) १४ महिने: प्लेटलेट्स वाढल्या, प्लीहा उतरली, पण कायटोट्रायोसिडेज जवळजवळ चौपट. डोस वाढवायचा का?

बालरोग_बडोदा

नमस्कार मंडळी. वडोदऱ्यातला रुग्ण आहे. गोशे टाइप १ (ग्लुकोसेरेब्रोसिडेज एंझाइम कमी असल्याने मॅक्रोफेज पेशींत लिपिड साठण्याचा जनुकीय आजार), मुलगा, वय ७. निदान ल्युकोसाइटमधल्या (पांढऱ्या पेशींमधल्या) ग्लुकोसेरेब्रोसिडेजवर आणि जनुकीय तपासणीवर झालेलं आहे, त्याबद्दल शंका नाही. इमिग्लुसरेज (तेच एंझाइम औषध म्हणून) दर पंधरा दिवसांनी ८०० युनिट, म्हणजे ४०० च्या दोन कुप्या. किलोमागे ४० युनिट. सुरुवातीला वजन २० किलो होतं, आता २३ आहे. इन्फ्युजन एकही चुकलेलं नाही.

उपचारांपूर्वी आणि १४ महिन्यांनंतरचे आकडे असे: हिमोग्लोबिन ८.९ वरून ११.४. प्लेटलेट्स ६८,००० वरून १,३२,०००. प्लीहा बरगडीखाली ९ सेंमी लागत होती, आता ४. फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) ६४० वरून ३१०. हाडदुखी नाही, उंची-वजनाचा आलेख वर चढतोय.

आणि या सगळ्याच्या विरुद्ध कायटोट्रायोसिडेज (आजाराचा भार दाखवणारं रक्तातलं एंझाइम, उपचारांनी उतरायला हवं): आधी १,६९०, आता ६,२०० (दोन्ही नॅनोमोल प्रति तास प्रति मिली). दोन्ही रिपोर्ट वेगवेगळ्या लॅबचे. पहिला सीरमवर, दुसरा ईडीटीए प्लाझ्मावर.

निधी राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणातून येतो, त्यामुळे ५० लाखांची मर्यादा डोक्यावर आहेच. प्रगतीचा अहवाल पाठवायचा आहे आणि समितीतला कुणी हा एकच आकडा पाहून "औषध लागू पडत नाही" म्हणेल अशी धास्ती आहे. किलोमागे ६० करायचं म्हटलं तर (सुरुवातीच्या २० किलोवर) वर्षाला ५२ ऐवजी ७८ कुप्या. औषधाविरुद्धच्या अँटीबॉडी तपासू? डोस वाढवू? की लॅबशी भांडू?

---

फ्लुओरोमीटर

डॉक्टर, आधी लॅबशी भांडा. डोसचं नंतर बघू.

मला खटकतोय तो पहिला आकडा, दुसरा नाही. प्लीहा ९ सेंमी, प्लेटलेट्स ६८ हजार, आणि कायटो फक्त १,६९०? उपचार न घेतलेल्या गोशेमध्ये कायटो सहसा निरोगी माणसाच्या शेकडो पट चढलेलं असतं. पाच आकडी रिपोर्ट नेहमीचे. (निरोगी माणसात साधारण शंभराच्या आसपास.) बरं, १,६९० ही संख्याही कुठलीही नाही. हिशेब करून बघा.

जुन्या, सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत सब्स्ट्रेट (एंझाइम ज्याला फोडतं आणि फुटल्यावर जो चमकतो तो पदार्थ) असतं ४-मिथायलअंबेलिफेरिल कायटोट्रायोसाइड, २२ मायक्रोमोलर, पीएच ५.२ च्या मॅकइल्वेन बफरमध्ये. समजा ५ मायक्रोलिटर सीरममध्ये हे १०० मायक्रोलिटर घातलं आणि ३७ अंशांवर १५ मिनिटं ठेवलं. नळीत एकूण सब्स्ट्रेट किती? २.२ नॅनोमोल. ते सगळंच्या सगळं फुटलं तरी रिपोर्टवर येणारा जास्तीत जास्त आकडा: २.२ भागिले (०.००५ मिली × ०.२५ तास) = १,७६०. म्हणजे खरी ॲक्टिव्हिटी ५,००० असो की ५०,०००, डायल्यूशन न करता (पातळ न करता) टाकलेला नमुना १,७०० च्या आसपासच येऊन थांबणार. तुमचे १,६९० मला त्या छताला टेकलेले दिसतात.

आणि हे छत म्हणजे अगदी शेवटची हद्द. सब्स्ट्रेटचा १० टक्क्यांहून जास्त भाग फुटला की प्रतिक्रिया सरळ रेषेत चालत नाही, म्हणजे वरच्या मापांनी १७६ च्या पुढचं काहीही डायल्यूट केल्याशिवाय मोजूच नये. गोशेचा नमुना १:५० किंवा १:१०० करून (अल्ब्युमिन घातलेल्या बफरमध्ये, नुसत्या बफरमध्ये पातळ केलेलं एंझाइम नळीला चिकटतं) पुन्हा चालवायचा, आणि दोन डायल्यूशनची उत्तरं एकमेकांशी जुळतात का ते पाहायचं. जुळली तरच रिपोर्ट द्यायचा. तुमचे ६,२०० जर १:१०० वर आले असतील, तर त्यात जेमतेम साडेतीन टक्के सब्स्ट्रेट वापरलं गेलं. तो आकडा विश्वासार्ह.

मग सब्स्ट्रेटच जास्त का घालत नाहीत, असं कुणी विचारेल. कारण हे एंझाइम जास्त सब्स्ट्रेटमध्ये साखरेचा तुकडा पाण्याला न देता दुसऱ्या सब्स्ट्रेटच्याच रेणूला जोडून देतं. ट्रान्सग्लायकोसिलेशन. सब्स्ट्रेट वाढवलं की चमक वाढण्याऐवजी दबते. हे टाळायला काही लॅब ४-एमयू-डीऑक्सीकायटोबायोज वापरतात. त्यात ही भानगड नाही, पण आकडे वेगळ्याच पट्टीवर येतात. दोन लॅबचं सब्स्ट्रेट वेगळं असेल तर तुलना तिथेच संपली.

दोन्ही लॅबना एवढंच विचारा: सब्स्ट्रेट कोणतं, नमुना किती मायक्रोलिटर, किती मिनिटं, डायल्यूशन किती आणि किती डायल्यूशनवर पडताळलं. फोनवर "सर, सगळं एसओपीप्रमाणे आहे" असं उत्तर आलं तर ईमेलवर लेखी मागा. सीरम आणि ईडीटीए प्लाझ्मामधला फरक पावणेचारपट येण्याइतका नसतो, त्यामुळे त्याला दोष देऊ नका. नमुना हिमोलाइज्ड (लाल पेशी फुटलेला) होता का हे मात्र विचारा; हिमोग्लोबिन फ्लुओरेसन्स दाबतं.

---

जेनेटिक्स_ओपीडी

वरच्या उत्तराशी सहमत. तरीही धरून चालू की दोन्ही आकडे खरे आहेत. मग हे मूल उपचारांना दाद देत नाही असं म्हणता येईल का? नाही.

सर्वसाधारण उपचार-उद्दिष्टं आठवा: मुलांमध्ये हिमोग्लोबिन १२ ते २४ महिन्यांत ११ च्या वर, प्लीहेचं आकारमान पहिल्या वर्षात ३० ते ५० टक्के कमी, यकृत एक-दोन वर्षांत २० ते ३० टक्के कमी, मध्यम प्रमाणात घटलेल्या प्लेटलेट्स पहिल्या वर्षात दीड ते दोन पट. तुमच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन ११.४, प्लेटलेट्स १.९ पट. बोटांनी मोजलेली प्लीहा अहवालात टिकत नाही, त्यासाठी सोनोग्राफी किंवा एमआरआयवरचं आकारमान मिलीमध्ये द्या. बाकी चित्र स्वच्छ आहे. निव्वळ बायोमार्करवरून (कायटोसारख्या रक्तातल्या खुणेवरून) डोस वाढवायचा नसतो. रक्त, अवयव, हाडं आणि वाढ यांच्या जोडीने तो वाचायचा.

अँटीबॉडीबद्दल: इमिग्लुसरेज घेणाऱ्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांत पहिल्या वर्षात आयजीजी अँटीबॉडी तयार होतात, पण बहुतेकांत औषधाचा परिणाम कमी होत नाही. इन्फ्युजनच्या वेळी अंगावर पित्त, धाप, थंडी नाही आणि क्लिनिकल प्रगती आहे, तर आत्ता त्यावर पैसे घालू नका.

डोसबद्दल मात्र एक सांगायचं आहे. किलोमागे ४० लिहिलंय, पण ८०० भागिले २३ म्हणजे ३५ सुद्धा होत नाहीत. वाढत्या मुलाचा डोस कुणी न कमी करताच कमी होत जातो. बायोमार्कर हळूहळू वर सरकण्याचं मुलांमधलं हे अगदी नेहमीचं कारण आहे आणि ते फाइलच्या पहिल्या पानावर दिसतं. ४० राखायचे तर दर वेळी ९२० युनिट लागतात. उरलेली अर्धीमुर्धी कुपी फेकायची नसेल तर महिन्याचा हिशेब धरा: गरज १,८४० ची, पाच कुप्या म्हणजे २,०००, एका वेळी दोन आणि पुढच्या वेळी तीन. महिन्याची बेरीज जवळपास तीच राहत असेल तर कुपीच्या मापाने एवढं मागेपुढे चालतं. वजन दर तीन महिन्यांनी बघून आकडा बदला. हा डोस वाढवणं नव्हे, आहे तो राखणं आहे, आणि समितीला तसंच लिहा.

कायटो खरोखर वाढलं असेल अशा इतर गोष्टी: चुकलेली इन्फ्युजनं (तुमच्याकडे नाहीत), सारकॉइडोसिस, मलेरिया. फॅल्सिपेरममध्ये कायटो चढतं हे नोंदलेलं आहे, म्हणून पावसाळ्यात ताप येऊन गेलेल्या मुलाचा नमुना बरा झाल्यावर काही आठवड्यांनी घ्यावा. पण ही वाढ गोशेच्या तुलनेत किरकोळ असते. हजारांचा फरक मलेरियाच्या माथी मारता येणार नाही.

आणि कृपा करून "औषध पोहोचतंय का" हे बघायला ग्लुकोसेरेब्रोसिडेजची ॲक्टिव्हिटी पुन्हा पाठवू नका. ती निदानाची तपासणी आहे, देखरेखीची नाही. इन्फ्युजननंतर मोजली तर आपण दिलेलंच औषध मोजलं जातं, पंधरा दिवसांनी मोजली तर मूळचाच कमी आकडा येतो. दोन्हीतून काही कळत नाही.

---

बालरोग_बडोदा

दोघांचे आभार. पहिल्या लॅबचं लेखी उत्तर आलं: ५ मायक्रोलिटर, १५ मिनिटं, डायल्यूशन केलं नव्हतं. दुसऱ्या लॅबने १:१०० वर चालवून १:२०० वर पडताळलं होतं, सब्स्ट्रेट तेच. म्हणजे छताचा अंदाज बरोबर. पण १४ महिन्यांपूर्वीचं सीरम त्यांनी केव्हाच टाकून दिलंय. आता बेसलाइनच (तुलनेसाठी उपचारांपूर्वीचा आकडा) नाही. यावर उपाय?

दुसरं, फेरिटिन अर्ध्यावर आलंय. ते स्वस्त आहे, इथे रावपुऱ्यात सुद्धा होतं. त्यावरच लक्ष ठेवलं तर?

---

जेनेटिक्स_ओपीडी

फेरिटिन करत राहा, पण एकट्याच्या भरवशावर राहू नका. साधी सर्दी-खोकल्याची साथसुद्धा ते वर नेते. एक सावधगिरी: गोशेमध्ये फेरिटिन जास्त असूनही ट्रान्सफरिन सॅच्युरेशन (लोह वाहणारं प्रथिन किती भरलंय ते) बहुधा नॉर्मल असतं. उलट मूल खरोखर लोहाच्या कमतरतेत असेल तर फेरिटिन ते लपवून ठेवतं. म्हणून हिमोग्लोबिन अडकलं की सॅच्युरेशन बघून मगच लोह द्या किंवा थांबवा. एसीई आणि टीआरएपी या जुन्या तपासण्या. एसीईची पातळी माणसामाणसात जनुकीय कारणानेच वेगळी असते आणि रक्तदाबाच्या एसीई इनहिबिटर गोळ्यांनी बिघडते. नवीन रुग्णासाठी मी मागवत नाही.

बेसलाइनसाठी लायसो-जीबी१ कडे वळा, म्हणजे ग्लुकोसिलस्फिंगोसिन. कायटो हे भरलेल्या मॅक्रोफेजनी बाहेर टाकलेलं एंझाइम आहे, आजाराची सावली म्हणा. लायसो-जीबी१ हा साठलेल्या लिपिडचाच ॲसिल साखळी तुटलेला भाग, थेट त्या दोषातून आलेला. त्याला कायटोचा मोठा दोषही नाही: कायटोच्या सीएचआयटी१ जनुकात २४ बेसचं डुप्लिकेशन दोन्ही प्रतींवर असेल तर कायटो शून्य येतं, गोशे कितीही पेटलेला असो. युरोपीय लोकांत असे सुमारे ६ टक्के, आशियाई लोकांत त्याहून जास्त. एकाच प्रतीवर असेल तर आकडा साधारण निम्मा येतो. कल वाचता येतो, पण दुसऱ्या मुलाशी तुलना नको. पीसीआर सोपा आहे: नॉर्मल पट्टी ७५ बेसची, डुप्लिकेशनची ९९ ची. आयुष्यात एकदाच करायची तपासणी. तुमच्या मुलाचं कायटो हजारांत आहे, म्हणजे दोन्ही प्रती बाद नाहीत एवढं तर कळलंच. ज्यांचं कायटो शून्य येतं त्यांच्यासाठी सीसीएल१८ हा दुसरा पर्याय आहे, पण लायसो-जीबी१ मिळत असेल तर त्याची गरज उरत नाही.

जुन्या नमुन्याचं विचाराल तर निदानाच्या वेळी ड्राइड ब्लड स्पॉटचं (कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबांचं) कार्ड गेलं होतं का?

---

बालरोग_बडोदा

हो, गेलं होतं! आधी कार्डवर स्क्रीनिंग, मग ल्युकोसाइटवर खात्री.

---

फ्लुओरोमीटर

मग त्या लॅबला आजच फोन करा. कार्ड उणे २० वर डेसिकंटसोबत (ओलावा शोषणाऱ्या पुडीसोबत) ठेवलेलं असेल तर त्यातून लायसो-जीबी१ काढता येईल. हे लिपिड आहे, एंझाइमसारखं उष्णतेने निकामी होत नाही. जुनं आणि नवं कार्ड एकाच दिवशी, एकाच रनमध्ये, त्याच कॅलिब्रेटरवर चालवायला सांगा. वेगळ्या महिन्यातल्या दोन रिपोर्टांपेक्षा अशी जोडी कितीतरी जास्त बोलते.

रिपोर्ट वाचताना एककाकडे बघा. काही लॅब नॅनोग्रॅम प्रति मिली देतात, काही नॅनोमोल प्रति लिटर. रेणुभार ४६१.६, म्हणून १ नॅनोग्रॅम/मिली = २.१७ नॅनोमोल/लिटर. केवळ एकक बदलल्यामुळे "दुप्पट झालं" म्हणून हादरलेले पालक कमी नाहीत. तसंच कार्डवरचा आकडा आणि प्लाझ्माचा आकडा एका आलेखावर टाकू नका. कार्डात लाल पेशींमधलं लिपिडही मोजलं जातं.

एलसी-एमएस/एमएस (रेणू आधी कॉलममधून वेगळे करून मग वस्तुमानावरून ओळखणारी पद्धत) आहे म्हणजे डोळे मिटून विश्वास, असंही नाही. गॅलॅक्टोसिलस्फिंगोसिन, म्हणजे क्रॅबे आजारातलं सायकोसिन, याचं वस्तुमान अगदी तेच. मास स्पेक्ट्रोमीटर दोघांत फरक करू शकत नाही. कॉलमनेच वेगळं करावं लागतं. गोशेच्या मोठ्या आकड्यांत फरक नगण्य, पण उपचारांनंतर पातळी खाली आली की विचारण्यासारखा प्रश्न आहे.

किती फरक पडला की तो खरा मानायचा? २.७७ गुणिले (लॅबच्या चढउताराचा वर्ग अधिक शरीरातल्या चढउताराचा वर्ग, याचं वर्गमूळ). उदाहरणापुरतं लॅबचा सीव्ही (चढउताराची टक्केवारी) १० टक्के आणि शरीरातला १५ धरला तर उत्तर येतं ५० टक्के. म्हणजे १०० चे १३० झाले तर घाबरायचं कारण नाही, पुन्हा तपासायचं. एकाच रनमधल्या जोडीत लॅबचा हिस्सा कमी होतो, म्हणून तर वरचा आग्रह.

---

स्पॉटकार्ड_टेक्निशियन

नमुन्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. अर्धे घोळ तिथेच होतात.

रक्त इन्फ्युजनच्या आधी घ्या, सुई लावताना, औषध जोडण्यापूर्वी. दर वेळी तसंच. उपाशी असायची गरज नाही. कार्डाच्या प्रत्येक गोलावर ७५ मायक्रोलिटरच्या आसपास, एकाच बाजूने, एकाच वेळी. थेंबावर थेंब नको. मागच्या बाजूनेही गोल पूर्ण भिजलेला दिसला पाहिजे. आडवं ठेवून सावलीत कमीत कमी ४ तास, दमट दिवसांत रात्रभर वाळवा. पंख्याचा झोत, हेअर ड्रायर, खिडकीतलं ऊन, काही नको. जुलै-ऑगस्टमध्ये वडोदऱ्याची हवा अशी की वरून कोरडं दिसणारं कार्ड आत ओलंच असतं, आणि झिप पाकिटात घातलं की बुरशी. पाकिटात सिलिका जेलची पुडी, शक्य असेल तर ओलावा दाखवणारं कार्डही. गोलाला बोट लावू नका. हाताला सॅनिटायझर असेल तर मुळीच नाही.

३.२ मिमीच्या पंचमध्ये (कार्डातून कापलेल्या गोल तुकड्यात) जेमतेम ३ मायक्रोलिटर रक्त येतं, आणि तेही हिमॅटोक्रिटवर (रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणावर) अवलंबून. ॲनिमिया असला की पातळ रक्त कागदावर जास्त पसरतं आणि पंचमध्ये कमी भरतं. तुमच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन ८.९ वरून ११.४ झालंय, तेव्हा दोन्ही वेळचं हिमॅटोक्रिट फॉर्मवर लिहा.

प्लाझ्मा पाठवायचा असेल तर ईडीटीएमध्ये २-३ मिली, लवकरात लवकर सेंट्रिफ्यूज, वरचा भाग दोन लहान नळ्यांत विभागून उणे २०, एक पाठवायची आणि एक आपल्याकडे. ती राखून ठेवलेली नळी असती तर हा धागाच निघाला नसता. अहमदाबाद शंभर-सव्वाशे किलोमीटर, दोन-अडीच तासांचं काम म्हणून लोक बर्फाच्या पिशवीवर पाठवतात. मे महिन्यात ४२ अंशांत ती पिशवी नडियादपर्यंतच टिकते. ड्राय आइस नसेल तर सरळ कार्ड पाठवा. आणि आंगडियाकडे (खासगी कुरिअरकडे) हिरे सुरक्षित जातात, नमुने नाहीत. तिथे पुडकं शनिवार-रविवार कुठे पडलं होतं याची नोंद कुणी ठेवत नाही.

---

बालरोग_बडोदा

जुनं कार्ड सापडलं, उणे २० वरच होतं. नवं कार्ड येत्या इन्फ्युजनच्या आधी घेऊन पाठवतो.

जाता जाता: आमच्याकडे एक फॅब्री कुटुंब आणि एक एमपीएस मूलही येतं (दोन्ही गोशेसारखेच साठवणीचे आजार). तिथेही असेच सापळे आहेत का?

---

जेनेटिक्स_ओपीडी

आहेत, जागा वेगळ्या. फॅब्रीत लायसो-जीबी३ (तिथे साठणाऱ्या लिपिडचा तसाच भाग). क्लासिक पुरुषांत खूप वर असतो, ईआरटीने पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने उतरतो आणि मग एका पातळीवर थांबतो. तिथे थांबला म्हणून औषध थांबलं असं नाही. पुन्हा चढू लागला तर अँटीबॉडी बघा, इथे त्या खरोखर त्रास देतात. बायकांमध्ये आजार असूनही तो नॉर्मलच्या जवळ असू शकतो, आणि रक्तातलं एंझाइमही. म्हणून कुटुंबातल्या आई-बहिणींना एका रिपोर्टवर "काही नाही" म्हणून घरी पाठवू नका, जनुकीय तपासणी करा. मूत्रपिंड आणि हृदयासाठी ईजीएफआर (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता), लघवीतलं प्रथिन, ईसीजी, इको हे वेगळं चालूच ठेवायचं. लायसो-जीबी३ उतरला म्हणून झालेला फायब्रोसिस मागे जात नाही.

एमपीएसमध्ये लघवीतले जीएजी (तिथे साठणाऱ्या लांब साखर-साखळ्या), क्रिएटिनिनच्या प्रमाणात. लहान मुलाचं क्रिएटिनिन कमी, म्हणून आकडा आपोआप फुगतो. वयानुसार नॉर्मल श्रेणी नसलेला रिपोर्ट परत पाठवा. डाय-बाइंडिंगच्या (रंग चिकटवून मोजण्याच्या) पद्धतीत अगदी पातळ लघवी फसवते, सकाळची पहिली घ्या. ईआरटीने जीएजी लवकर उतरतात, पण हाडं आणि मेंदूबद्दल त्यावरून काही बोलता येत नाही. मॉर्कियो (एमपीएसचा एक प्रकार) असेल तर वाढत्या वयात केराटन सल्फेट (त्यातला जीएजी) आपोआपच नॉर्मलकडे येतं, ते श्रेय औषधाला देऊ नका.

---

फ्लुओरोमीटर

फॉर्मवर लिहायचा मजकूर देतो, चिकटवून पाठवा: "गोशे टाइप १, इमिग्लुसरेज चालू, नमुना इन्फ्युजनपूर्व. जुनं व नवं कार्ड एकाच रनमध्ये, प्रत्येकी दोन पंच. लायसो-जीबी१ नॅनोग्रॅम/मिलीमध्ये, सायकोसिन कॉलमवर वेगळं केलं की नाही ते कळवावे. हिमॅटोक्रिट दोन्ही तारखांचं सोबत." आणि यापुढे कायटो फक्त दुसऱ्या लॅबकडे, पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी, आकडा स्थिरावला की सहा किंवा बारा महिन्यांनी. समितीच्या अहवालात १,६९० खोडू नका. तळटीप द्या की तो "मापनाच्या कमाल मर्यादेवर, किमान १,६९०" असा वाचावा, आणि लॅबचं ते लेखी उत्तर सोबत जोडा.